सुरक्षा-निर्णायक सॉफ्टवेअरसाठी अजाइल पद्धत : स्प्रिंटगणिक पुरावा जमवण्याची रीत

छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजारात मे महिन्याच्या दुपारी भाजीचे क्रेट भरून उभ्या असलेल्या विजेवरच्या मालवाहू रिक्षाचा विचार करावा. तिच्या आसनाखाली सोळा लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेलची एक पेटी असते आणि त्या पेटीत तळहाताएवढा एक सर्किट बोर्ड असतो. प्रत्येक सेलचे व्होल्टेज मोजणे, तापमान पाहणे, चार्जिंग केव्हा थांबवायचे आणि मोटरकडे जाणारा प्रवाह केव्हा तोडायचा हे ठरवणे, एवढे काम त्या बोर्डावरचे सॉफ्टवेअर करते. ते चुकले तर ॲप बंद पडल्याची तक्रार येत नाही, पेटी पेटते.

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा परिसरात बसून असे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्यासारख्या लहान चमूंना एकाच ग्राहकाकडून दोन मागण्या ऐकाव्या लागतात. त्याचा प्रकल्प विभाग म्हणतो की अजाइल पद्धतीने, म्हणजे स्प्रिंट नावाच्या लहान ठरावीक टप्प्यांत काम करून, दर पंधरवड्याला काहीतरी चालते दाखवा. त्याचाच गुणवत्ता विभाग म्हणतो की आयएसओ २६२६२ या वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठीच्या सुरक्षा-मानकाप्रमाणे सुरक्षेचे सगळे पुरावे द्या. यातून जी तडजोड बहुतेक ठिकाणी निघते ती सर्वांत वाईट असते : अकरा महिने स्प्रिंट करायचे आणि बाराव्या महिन्यात कागद मागून लिहून काढायचे. असे कागद कोड कसा आहे याचे वर्णन करतात, पण तो तसा का असावा याचा विचार त्यांत नसतो. अनुभवी असेसरला (सुरक्षेचे मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञाला) हे अर्ध्या तासात कळते.

पुढील मार्गदर्शन ही तडजोड टाळण्यासाठी आहे. त्याचा आधार एवढाच की केवळ कोड लहान तुकड्यांत लिहून भागत नाही. त्या तुकड्याच्या सुरक्षेचा पुरावाही त्याच पंधरवड्यात पूर्ण झाला पाहिजे, आणि जी थोडी कामे तुकड्यांत करता येत नाहीत ती आधी उरकली पाहिजेत.

मानके अजाइलला मनाई करतात का?

करत नाहीत. हा गैरसमज इतका रुजलेला आहे की त्याचा निपटारा आधी करावा लागतो. टप्प्यामागून टप्पा अशी जी पद्धत आपण ‘वॉटरफॉल’ म्हणून ओळखतो, तिचे मूळ म्हणून विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखाकडे बोट दाखवले जाते. पण त्याच लेखात त्यांनी निव्वळ अशा सरळ क्रमाने काम करणे जोखमीचे असून अपयशाला आमंत्रण देणारे आहे, असे म्हटले होते. दुसऱ्या बाजूला, फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा जणांनी मिळून जो अजाइल जाहीरनामा लिहिला, त्यात सविस्तर दस्तऐवजांपेक्षा चालत्या सॉफ्टवेअरला अधिक मोल दिले आहे, दस्तऐवजांना मोल नाही असे मात्र कुठेही म्हटलेले नाही.

वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठीचे आयईसी ६२३०४ हे मानक विकासाचा कोणताही एक क्रम लादत नाही. विमानांसाठीचे डीओ-१७८सी साध्य काय करायचे ते सांगते. त्यासाठी कोणते जीवनचक्र निवडायचे हे विकसकावर सोडते. आयएसओ २६२६२ च्या २०१८ च्या आवृत्तीतील सहाव्या भागात तर अजाइल पद्धती सुरक्षाविषयक सॉफ्टवेअरसाठीही योग्य ठरू शकतात असा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र त्यांच्या नावाखाली सुरक्षेचे उपाय गाळता येणार नाहीत किंवा मूलभूत दस्तऐवजांकडे दुर्लक्ष करता येणार नाही, असेही लगेच बजावले आहे. नॉर्वेमधील संशोधकांनी आयईसी ६१५०८ या सुरक्षेच्या मूळ मानकाशी स्क्रम या प्रचलित अजाइल पद्धतीची सांगड घालून ‘सेफस्क्रम’ नावाची रीत बांधली आहे आणि पुढे सांगितलेल्या काही गोष्टी तिच्याशी जुळतात. तेव्हा परवानगीचा प्रश्न उरत नाही. शिस्त कुठे आणि किती, हा प्रश्न उरतो.

पहिल्या स्प्रिंटच्या आधी

कोरडवाहू जमिनीत पहिली सर पडताच पेरणारा आणि वापसा येण्याची वाट पाहणारा, यांच्यातला फरक मराठवाड्यात वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दुबार पेरणीचे बियाणे कोणाच्या खिशातून जाते हे सर्वांना ठाऊक असते. सुरक्षेच्या कामातला वापसा म्हणजे धोक्यांचे विश्लेषण. ते झाल्याशिवाय पहिला स्प्रिंट सुरू करू नये. आमच्या बोर्डाएवढ्या कामासाठी तीन ते चार आठवडे पुरतात, आणि हे आठवडे ग्राहकाला ‘काही न दाखवण्याचे’ वाटू नयेत म्हणून धोक्यांची यादीच त्याला दर आठवड्याला दाखवावी.

हे विश्लेषण वातानुकूलित खोलीत केवळ नमुना-तक्ता भरून करू नये. चमूतील दोघांनी तरी रिक्षा जिथे चार्ज होतात त्या शेडमध्ये एक दिवस काढावा. तिथे दिसणाऱ्या गोष्टी तक्त्यात आपोआप येत नाहीत. शेड पत्र्याचे असते. प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी लांबलचक जोडवायर वापरलेली असते. माल उतरवून आलेली रिक्षा, पेटी गरम असतानाच, लगेच चार्जिंगला लावली जाते. वीज जाते, येते, पुन्हा जाते, आणि दर वेळी चार्जर व आपला बोर्ड यांची ओळख-देवघेव नव्याने सुरू होते. अनेक लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी ० ते ४५ अंश सेल्सिअस अशी मर्यादा असते. मे महिन्यात इथली हवाच ४२ अंशांच्या आसपास जाते. म्हणजे आपले सॉफ्टवेअर बरोबर वागले तरी भर दुपारी ते चार्जिंग नाकारणार. दिवसाची फेरी बुडालेला चालक मग कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून बोर्डालाच वळसा घालून तार जोडून घेणार. हा चालकाचा दोष आहे असे लिहून मोकळे होऊ नये. ज्या गैरवापराचा अंदाज आधीच करता येतो तो धोक्यांच्या यादीत नोंदवायचा असतो आणि त्यावर उपाय शोधायचा असतो. आमच्या बाबतीत चार्जिंग एकदम नाकारण्याऐवजी तापमान चढू लागताच प्रवाह पायरीपायरीने कमी करणे, आणि चालकाला पडद्यावर ‘पेटी गरम आहे, इतक्या मिनिटांनी लावा’ असे मराठीत सांगणे, हा उपाय ठरला.

यादीतील प्रत्येक धोक्याला तीन प्रश्न विचारावेत : इजा किती गंभीर होईल, अशी परिस्थिती किती वेळा येते, आणि चालकाला किंवा आजूबाजूच्यांना ती सावरता येईल का. आयएसओ २६२६२ मध्ये या तीन उत्तरांवरून एसिल ए (सर्वांत सौम्य) ते डी (सर्वांत कडक) अशी सुरक्षेची पातळी निघते. तिन्ही उत्तरे सर्वांत वाईट असतील तरच डी येते आणि काही बाबी नेहमीच्या गुणवत्ता-व्यवस्थेवर सोडता येतात. ही पातळी काम सोपे व्हावे म्हणून खाली ओढण्याचा मोह होतो. तो टाळण्याचा साधा मार्ग म्हणजे पातळी ठरवताना कोड लिहिणाऱ्यांखेरीज दुसऱ्या कोणीतरी बैठकीत असणे.

सुरक्षित अवस्था कोणती, हे ठरवताना घाई करू नये. ‘काही बिघडले की वीज तोडा’ हे उत्तर चार्जिंगच्या वेळी बरोबर आहे. दौलताबादच्या घाटात माल भरलेली रिक्षा चढावर असताना तेच उत्तर चुकीचे ठरू शकते, कारण मागून ट्रक येत असतो. तिथे आधी इशारा, मग शक्ती कमी करणे, मग ठरलेल्या अवधीनंतर तोडणे असा क्रम लागतो. त्या क्रमातील प्रत्येक पायरीला किती वेळ मिळतो याचाही हिशेब आधीच करावा. बिघाड झाल्यापासून धोका प्रत्यक्षात उतरेपर्यंतचा अवधी शॉर्ट सर्किटमध्ये इतका अल्प असतो की ते काम फ्यूज आणि हार्डवेअरच्या तुलना-सर्किटकडेच सोपवावे. तापमान वाढण्याच्या बाबतीत सेकंद हाताशी असतात, म्हणून ते सॉफ्टवेअरकडे देता येते.

या आठवड्यांतले शेवटचे काम म्हणजे रचनेचा सांगाडा. सुरक्षेचा कोड एका बाजूला, आणि ब्लूटूथ, पडदा, प्रवासाच्या नोंदी असा सोयीचा कोड दुसऱ्या बाजूला, असे दोन भाग करून त्यांच्यामध्ये प्रोसेसरच्या मेमरी-संरक्षणाची भिंत घालावी. सोयीच्या भागातली चूक सुरक्षेच्या भागाची मेमरी बिघडवू शकत नाही हे एकदा दाखवता आले, की ब्लूटूथमध्ये दर पंधरवड्याला मनसोक्त बदल करता येतात. भिंत नसेल तर सगळ्याच कोडला सर्वांत कडक पातळी लागू होते आणि मग अजाइलचा वेग नावापुरता उरतो.

बॅकलॉग कसा लिहावा

सुरक्षेच्या गरजा आणि ग्राहकाच्या सोयीच्या गरजा एकाच यादीत, म्हणजे बॅकलॉगमध्ये, असाव्यात, पण त्यांची खूण वेगळी असावी. सोयीच्या गरजेचा क्रम प्रॉडक्ट ओनरने (कोणते काम आधी हे ठरवणाऱ्याने) हवा तसा बदलावा. सुरक्षेची गरज मागे ढकलायची असेल तर सुरक्षा-अभियंत्याची संमती लागावी. आणि ज्या सुविधेमुळे धोका निर्माण होतो ती सुविधा तिच्या सुरक्षा-गरजेच्या आधी कधीच येऊ नये. जलद चार्जिंग या स्प्रिंटमध्ये आणि जलद चार्जिंगची तापमान-मर्यादा पुढच्या स्प्रिंटमध्ये, असे नियोजन मी डोळ्यांनी पाहिले आहे.

‘चालक म्हणून मला अमुक हवे’ हा नेहमीचा साचा सुरक्षेच्या गरजेला शोभत नाही, कारण पेटी पेटू नये ही मागणी करायला चालक कार्यालयात येत नाही. ती सरळ विधान म्हणून लिहावी, आकड्यासकट लिहावी आणि बिघाडाच्या अंगाने लिहावी. ‘तापमान नीट मोजावे’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘चारपैकी कोणताही तापमान-सेन्सर तुटला किंवा शॉर्ट झाला तर ते दोन सेकंदांत ओळखावे, त्या सेन्सरचे माप निर्णयातून वगळावे, आणि चार्जिंगचा प्रवाह निम्म्यावर आणावा’ या वाक्यावर कोड लिहिता येतो, चाचणी लिहिता येते आणि वादही घालता येतो. प्रत्येक विधानाखाली ते कोणत्या सुरक्षा-ध्येयातून (धोका टाळण्यासाठी ठरवलेल्या उद्दिष्टातून) आले त्याचा क्रमांक असावा. क्रमांक सापडत नसेल तर एकतर ते विधान अनावश्यक आहे किंवा धोक्यांच्या यादीत काहीतरी राहून गेले आहे. माझ्या अनुभवात दुसरी शक्यता अधिक वेळा खरी निघते.

‘झाले’ केव्हा म्हणावे

अजाइलमध्ये काम पूर्ण झाल्याची व्याख्या चमू स्वतः ठरवतो. सुरक्षेच्या कामात सगळी पद्धत या एका व्याख्येवर उभी असते, म्हणून ती भिंतीवर लावावी आणि तिच्यात सवलत देऊ नये. आमच्याकडे सुरक्षेची कथा, म्हणजे बॅकलॉगमधले एक काम, तेव्हाच पूर्ण मानली जाते जेव्हा तिची गरज दुसऱ्या व्यक्तीने वाचून मान्य केलेली असते. कोडची मिस्रा सी या सी भाषेतील सुरक्षित लेखनाच्या नियमांनुसार यंत्राकडून तपासणी झालेली असते आणि जिथे नियम मोडला तिथे कारण लिहिलेले असते. कोड लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्याने तो ओळीओळीने वाचलेला असतो. चाचण्या संगणकावर आणि प्रत्यक्ष बोर्डावर, अशा दोन्ही ठिकाणी उतरलेल्या असतात. पातळीला लागेल तेवढे कव्हरेज (चाचण्यांनी कोडचा किती भाग चालवला त्याचे माप) मोजलेले असते. आणि ध्येयापासून चाचणीच्या निकालापर्यंतची साखळी साधनात दोन्ही दिशांनी जोडलेली असते.

कव्हरेजच्या बाबतीत पातळीप्रमाणे अपेक्षा बदलते. आयएसओ २६२६२ मध्ये एसिल ए ला कोडमधील प्रत्येक विधान (स्टेटमेंट) चालवून पाहण्याची ठळक शिफारस आहे, बी पासून पुढे प्रत्येक फाट्याची (ब्रँचची), आणि डी ला अटीतील प्रत्येक घटक स्वतंत्रपणे निकाल बदलतो हे दाखवण्याची. नवख्या चमूंनी हे आकडे ध्येय समजू नयेत. चाचणी गरजेवरून लिहावी, मग कव्हरेज मोजावे. न चालवलेली ओळ सापडली की ती झाकण्यासाठी चाचणी जोडण्याआधी ती ओळ तिथे कशासाठी आहे हे विचारावे.

साखळी हाताने सांभाळता येत नाही. एक्सेलच्या तक्त्यात ती पहिले दोन स्प्रिंट टिकते, तिसऱ्यात मागे पडते आणि पाचव्यात कोणीही तो तक्ता उघडत नाही. गरजांचे क्रमांक कोडच्या नोंदीत आणि चाचणीच्या नावात लिहिण्याची सवय लावावी, रोज रात्री बिल्ड होताना, म्हणजे कोडपासून चालते सॉफ्टवेअर बनताना, एका छोट्या स्क्रिप्टने ते क्रमांक गोळा करावेत, आणि चाचणी नसलेली गरज किंवा गरज नसलेली चाचणी सापडली तर बिल्डच लाल, म्हणजे नापास, करावे. लाल बिल्ड दिसले की माणसे आपसूक दुरुस्ती करतात. तक्ता अपुरा राहिल्याचे मात्र कोणालाच दुखत नाही.

इथे एक खबरदारी घ्यावी लागते. पुरावा जमवणारे साधनच चुकले तर चूक झाकली जाते. चाचणी चाललीच नाही आणि निकाल हिरवा आला, असे होऊ शकते का, हा प्रश्न कंपायलर, चाचणी-चौकट, स्वयंचलित बिल्ड आणि आपली ती छोटी स्क्रिप्ट, या प्रत्येकाला विचारावा. आयएसओ २६२६२ च्या आठव्या भागात साधनांवरील विश्वास ठरवण्याची रीत दिली आहे. तिच्या जोडीला आम्ही दर स्प्रिंटला कोडमध्ये मुद्दाम एक चूक पेरतो आणि बिल्ड लाल होते का ते पाहतो. हा दहा मिनिटांचा खेळ आहे, पण त्यात साधन दोनदा पकडले गेले आहे.

बदल : खरी कसोटी इथे लागते

अजाइल पद्धत बदलाचे स्वागत करते आणि सुरक्षेचे काम बदलाला घाबरते. दोघांची बाजू बरोबर आहे. यातून वाट काढण्यासाठी प्रत्येक बदलाच्या आधी परिणामांचे विश्लेषण करावे लागते, आणि ते एका पानाचे, पण टाळता न येणारे असावे लागते.

आमच्याच एका कामात हे विश्लेषण ‘लहान बदल आहे’ म्हणून गाळले गेले होते. पेटीत चार तापमान-सेन्सर होते आणि सॉफ्टवेअर त्यांतले सर्वांत मोठे माप धरून ६० अंशांवर मोटरचा प्रवाह तोडत असे. विजेच्या गोंगाटामुळे एखाद्या सेन्सरचे माप क्षणभर उसळायचे आणि विनाकारण इशारा वाजायचा. ग्राहक वैतागला होता. एका तरुण सहकाऱ्याने अर्ध्या दिवसात त्यावर उपाय केला : सर्वांत मोठ्या मापाऐवजी चारही मापांची सरासरी घ्यायची. सगळ्या चाचण्या हिरव्या आल्या, इशारे थांबले, स्प्रिंटच्या शेवटी टाळ्याही वाजल्या.

त्या सेन्सरची तार तुटली की सर्किटमध्ये व्होल्टेज वरच्या टोकाला जाते आणि सॉफ्टवेअरला ते उणे ४० अंश असे दिसते. छत्रपती संभाजीनगरात उणे ४० अंश ही कल्पनाच हास्यास्पद आहे, पण बोर्डाला ते कोणी सांगितलेले नव्हते. आता हिशेब करावा : तीन सेन्सर ६२ अंश दाखवत आहेत आणि चौथा तुटला आहे, तर सरासरी येते ३६.५ अंश. पेटी मर्यादेपलीकडे तापलेली असताना सॉफ्टवेअर निवांत राहणार होते. जुन्या पद्धतीत तुटलेला सेन्सर सर्वांत मोठ्या मापावर परिणाम करत नव्हता, म्हणून तुटलेली तार आणि तापलेली पेटी अशी जोडचाचणी कधी लिहिलीच गेली नव्हती. चाचणी-टेबलावर बोर्ड चालू असताना एका वडीलधाऱ्या तंत्रज्ञांनी सवयीने एक तार उपसली, म्हणून हे प्रकरण कार्यालयातच उघडे पडले. दोष त्या तरुणाचा नव्हता. त्याच्या तिकिटावर (कामाच्या नोंदीवर) विचारायला हवा असलेला प्रश्न चमूने विचारलाच नव्हता.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक तिकिटावर काही प्रश्न छापलेले असतात. हा बदल कोणत्या सुरक्षा-गरजेला स्पर्श करतो? जुन्या रचनेत कोणती गोष्ट आपोआप सुरक्षित राहत होती आणि आता ती तशी राहील का? कोणत्या चाचण्या पुन्हा चालवायच्या आणि कोणत्या नव्याने लिहायच्या? धोक्यांच्या यादीत भर घालावी लागेल का? यांतला दुसरा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी आहे. उत्तर ‘काही नाही’ असे असेल तर तेही सहीनिशी लिहावे.

हाच प्रश्न न विचारल्याची मोठी उदाहरणे सर्वांना माहीत आहेत. थेरॅक-२५ या किरणोपचार-यंत्रात १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना बेसुमार मात्रा मिळाली आणि त्यांतल्या किमान तिघांचा त्यामुळे मृत्यू झाला. आधीच्या थेरॅक-२० मध्ये तशीच चूक सॉफ्टवेअरमध्ये दडलेली होती, पण तिथे हार्डवेअरचे स्वतंत्र अडसर होते. नव्या यंत्रात ते अडसर काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला गेला. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ३७ सेकंदांत भरकटून फुटले, कारण एरियान ४ साठी लिहिलेल्या कोडमध्ये ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत बसवला जात होता आणि नव्या रॉकेटच्या अधिक वेगामुळे तो बसेना. दोन्हीकडे कोड जुना, चाललेला, विश्वासाचा होता. बदलली होती भोवतालची परिस्थिती. म्हणून परिणामांचे विश्लेषण कोड बदलल्यावरच नव्हे, तर सेलचा पुरवठादार, चार्जर किंवा वाहनाचे वजन बदलल्यावरही करावे.

माणसे आणि त्यांचे अंतर

पाच-सहा जणांच्या चमूत स्वातंत्र्य कुठून आणायचे, ही खरी अडचण आहे. प्रत्येकाने कोड लिहायचा आणि प्रत्येकाने दुसऱ्याचा तपासायचा, एवढ्याने खालच्या पातळ्यांवर बऱ्याच अंशी भागते. वरच्या पातळीला मात्र सुरक्षेचे मूल्यमापन करणारी व्यक्ती प्रकल्पाच्या वेळापत्रकाच्या आणि पैशाच्या दबावापासून दूर असावी लागते. ती दुसऱ्या विभागातून किंवा बाहेरून आणावी. सुरक्षा-अभियंता मात्र चमूतच बसावा, रोजच्या बैठकीला असावा, आणि स्क्रम मास्टरचे (स्प्रिंट सुरळीत पार पाडणाऱ्याचे) काम त्याच्यावर लादू नये. स्प्रिंट वेळेत संपवण्याची आणि स्प्रिंट थांबवण्याची जबाबदारी एकाच माणसावर दिली की काय होते हे सांगायला नको.

बाहेरच्या असेसरला शेवटी बोलावू नये. तिसऱ्या-चौथ्या स्प्रिंटनंतर, पूर्ण झालेल्या दोन कथांचा पुरावा हातात घेऊन त्याला भेटावे. त्याचे आक्षेप तेव्हा दोन कथांपुरते असतात. वर्षाअखेरीस तेच आक्षेप दोनशे कथांना लागू होतात.

स्प्रिंटच्या आत

रोजच्या उभ्या बैठकीबद्दल वेगळे लिहिण्यासारखे फारसे नाही. ती पंधरा मिनिटांत संपावी. स्प्रिंट दोन आठवड्यांचा की तीन, यावर मात्र विचार करावा. प्रत्यक्ष बोर्डावरच्या चाचण्या, त्यांत काही तास चालणाऱ्या चार्जिंगच्या फेऱ्या आणि दुसऱ्याने केलेली तपासणी, हे सगळे दहा कामाच्या दिवसांत बसत नसेल तर स्प्रिंट तीन आठवड्यांचा करावा. ‘झाले’ची व्याख्या कापून दोन आठवडे टिकवण्यात अर्थ नाही.

नवा बोर्ड हाती यायला स्प्रिंटपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे बोर्डावरचे सॉफ्टवेअर लिहिणारा चमू रिकामा बसतो किंवा अंदाजाने लिहितो. यासाठी पेटीचे नाटक करणारा एक चाचणी-संच पहिल्या महिन्यातच उभारावा : सोळा सेलची व्होल्टेज देणारे स्रोत, सेन्सरच्या जागी बदलता येणारे रोध (रेझिस्टर), आणि प्रत्येक तारेत रिलेने उघडता येणारी कडी. तार तुटणे, शॉर्ट होणे, ढिली होणे, हे सगळे मग हाताने उपसण्याऐवजी स्क्रिप्टने रात्रभर करता येते.

स्प्रिंटच्या शेवटच्या सादरीकरणात ग्राहकाला फक्त चालणारी गोष्ट दाखवू नये, बिघडवून दाखवावी. त्याच्याच हातात तार द्यावी आणि म्हणावे, ‘काढा.’ चार्जिंगचा प्रवाह उतरताना त्याने स्वतः पाहिला की सुरक्षेच्या कथांना वेळ का लागतो हे समजावत बसावे लागत नाही. मागे वळून पाहण्याच्या बैठकीत ‘काय चांगले झाले’ या प्रश्नासोबत ‘थोडक्यात काय निभावले’ हाही प्रश्न घ्यावा. निसटत्या चुका तिथे बाहेर येतात, मात्र त्या सांगणाऱ्याची नोंद त्याच्या वार्षिक मूल्यमापनात जाणार नाही याची खात्री आधी द्यावी.

रस्त्यावर केव्हा जावे

दर स्प्रिंटला चालते सॉफ्टवेअर तयार होणे आणि ते दर स्प्रिंटला रिक्षात जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुचाकी-तिचाकी विद्युत वाहनांच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे मानक लागू आहे आणि बॅटऱ्यांना आगी लागण्याच्या घटनांनंतर त्यातील सुधारित अटी १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आल्या. मान्यता ठरावीक रचनेला मिळते, त्यामुळे सुरक्षेच्या कोडला हात लावणारी आवृत्ती बाहेर काढण्याआधी ग्राहकामार्फत चाचणी-संस्थेकडे विचारणा करावी. आम्ही सोयीच्या भागाच्या आवृत्त्या वरचेवर आणि सुरक्षेच्या भागाच्या आवृत्त्या वर्षातून दोन-तीनदाच बाहेर काढतो. वर सांगितलेली भिंत इथे पुन्हा कामी येते.

प्रत्येक बाहेरच्या आवृत्तीआधी एक संपूर्ण स्प्रिंट राखून ठेवावा. त्यात सगळ्या चाचण्या एकाच बिल्डवर पुन्हा चालवाव्यात, धोक्यांची यादी पहिल्या ओळीपासून वाचावी आणि सुरक्षेचा युक्तिवाद नव्या पुराव्यानिशी पूर्ण करावा. मागच्या स्प्रिंटची उरलेली कामे मात्र या स्प्रिंटमध्ये ढकलू देऊ नयेत. एकदा तशी सवय लागली की बाराव्या महिन्यात कागद लिहिणे वेगळ्या नावाने परत येते.

आपले काम आधीच अर्ध्यावर असेल आणि हे सगळे एकदम लागू करणे अशक्य वाटत असेल, तर एकच सुरक्षा-ध्येय निवडावे, उदाहरणार्थ ‘चार्जिंग करताना कोणताही सेल ३.६५ व्होल्टच्या वर जाऊ नये’. पुढच्या स्प्रिंटमध्ये त्या एका ध्येयापासून गरज, रचना, कोड, चाचणी आणि निकालापर्यंतची साखळी पूर्ण करण्याचा प्रयत्न करावा आणि ती कुठे तुटते ते टिपून ठेवावे. बहुधा ती दोन-तीन ठिकाणी तुटलेली सापडते. त्यांतली धोक्याच्या सर्वांत जवळची जागा दुरुस्त करणे, हे त्यानंतरच्या स्प्रिंटचे पहिले तिकीट असावे.